जेवणाची सुट्टी, लिंबाखाली

वर्कशॉपच्या भिंतीला लागून जो लिंब आहे
त्याची सावली साडेबाराला अकरा सायकलींपुरती.
बारावी ज्याची, त्यानं सीटवर ओलं पोतं टाकायचं
आणि संध्याकाळी ओल्या विजारीवरून
जे ऐकावं लागेल ते ऐकून घ्यायचं.
मे महिना, भुसावळ. याहून जास्त काय सांगू.

डबे उघडतात. कळण्याची भाकरी, ठेचा,
कुणाकडे कालची शेवभाजी,
आणि चौथ्या घासाला कुणीतरी म्हणतंच,
"पाह्य भो, चेन बदलली."

मग सगळे उठतात. हात खरकटे,
म्हणून पायाच्या अंगठ्यानं पॅडल फिरवतात.
दगडू भारंबे चेन ऐकतो, बघत नाही.
"अजून बोलत नाही," म्हणतो. "दिवाळीनंतर बोलेल."
त्याची स्वतःची डबल दांडीची, चोवीस इंची,
लग्नात मिळालेली. मागितलं होतं घड्याळ.
घड्याळ असतं तर कवाच बंद पडलं असतं,
हे तो आठवड्यातून एकदा सांगतो
आणि आम्ही एकदा ऐकतो.

रुबाब तडवी नदीपलीकडून येतो,
अठरा किलोमीटर येणं, अठरा जाणं.
तापीच्या पुलावर वारा आडवा लागतो
म्हणून त्याचं हँडल मुद्दाम जरासं डावीकडे.
आम्ही हसायचो.
मग एका पहाटे मी ती पुलावर चालवून पाहिली.
आता हसत नाही.
कॅरियरला सोपटाची दोरी.
"ट्यूब उन्हात तुटते. केळ नाही तुटत."

स्टोअरच्या सिंधूताई सरोदेंची लेडीज,
मडगार्ड गेल्या शिमग्यात रंगवलेला.
इंजिनाला मारतात तोच निळा.
रंग कुठून आणला, हे विचारण्याइतकं
इथं कुणी अडाणी नाही.

माझी? माझ्या मागच्या ट्यूबला नऊ ठिगळं.
मुख्तारभाई सुलोचन लावतो, फुंकर मारतो,
लेकराच्या खरचटल्या गुडघ्याला मारावी तशी,
आणि म्हणतो, "आता ट्यूब कमी, ठिगळंच जास्त."
मी म्हणतो, चालू दे.

सोमवारी नवा अप्रेंटिस वाघुळदे गेरवाली घेऊन आला.
"एकवीस गेर," म्हणाला.
"चढ कुठाय पन?" भारंबेनं विचारलं,
आणि आम्ही खरंच आठवू लागलो.
एक रेल्वेचा पूल निघाला. एक गोडाऊनचा रॅम्प,
तोही येताना उतारच.
पोरगं रडवेलं झालं.
तेव्हा रुबाबनं तिच्या तारा नखानं वाजवल्या,
एकेक, सगळ्या,
"टाल मस्त काढलाय रे. कोनी काढला?"
"मीच."
तेवढ्यावर पोरानं डबा उघडला.

पंढरीनाथ फेगडे कधी काही दाखवत नाहीत.
सायकल काळी, साधी. फक्त पुढच्या दांडीवर
लहानसं सीट, लाल रेक्झिनचं,
चाराण्याएवढी फुलं, निम्मी पुसलेली.
मुलगी नाशिकला. तिची मुलगी यंदा चौथीत.

पोराला काय माहीत. त्यानं विचारलं,
"काका, हे काढत काहून नाही? गुडघ्याला लागत असेल."

फेगडेंनी भाकरीचा तुकडा मोडला.
"नट जाम झालाय," म्हणाले.

आम्ही सगळे फिटर.
वीस-वीस वर्षं पाऊस खाल्लेले नट
आम्ही सकाळपासून पाच खोलले होते.
तेरा-चौदाचा पाना त्या वेळी
निदान तिघांच्या खिशात होता.

भारंबे उठला, वाकला,
कोपरानं नट दाबून पाहिला.
"जाम आहे."
रुबाबनंही पाहिला.
"पार जाम."
सिंधूताई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या,
"इथून दिसतंय की."
पोरानं एकदा नटाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे,
आणि ठेचा मागून घेतला.

भोंगा झाला. सावली तोवर सरकून
तीन सायकली उन्हात गेल्या होत्या.

पाचला फेगडे गेटातून निघाले,
गुडघे बाहेर काढून, हात लांब धरून,
पुढे कुणी बसलेलं असताना
माणूस चालवतो, तसे.